९,४४० रुपयांची गुलाबी पट्टी

ठाण्यात मे महिन्यात बर्फातलं पार्सल शनिवारी मागवू नये. प्रथिनांवरची साखर रंगवून दाखवणाऱ्या किटबद्दल बरंवाईट जे लिहायचंय ते पुढे येईलच, पण हे आधी, कारण आमचे पहिले बारा दिवस त्यातच गेले.

वस्तू अशी: ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेलं प्रथिन, रंगवणारं स्टेनिंग किट, दहा मिनी जेलपुरतं. जेल म्हणजे खरवसासारखी पातळ वडी. तिच्यातून विजेच्या जोरावर प्रथिनं सरकतात आणि आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, थांबतात; एकेका नमुन्याची रांग म्हणजे लेन. आम्ही घेतलं तेव्हा किंमत ८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीची किट इतरही कंपन्या विकतात, आतली रसायनं जवळपास तीच, खोक्याचा रंग वेगळा. आणि आमच्या बाबतीत जे बिनसलं त्यात निम्मा वाटा कुरिअरचा आणि पाव वाटा आमच्या कॉलेजच्या शनिवार-रविवारचा होता, तेव्हा एकट्या कंपनीच्या माथी मारणं बरं नव्हे.

मी ठाणे पश्चिमेच्या एका कॉलेजात बावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे एवढ्या किमतीची वस्तू घ्यायची म्हणजे तीन कोटेशनं, प्राचार्यांची सही आणि त्यानंतर अकाउंट्समधून फोन: "मॅडम, हे नक्की कशासाठी?" एरवी मी "प्रॅक्टिकलसाठी" म्हणून मोकळी होते. या वेळी खरंच सांगावं लागलं. दुसरं वर्ष संपवून सुट्टीतच प्रोजेक्ट सुरू करू म्हणणारी दोन पोरं होती, एक ऐरोलीची मुलगी आणि एक कळव्याचा मुलगा. त्यांना रोग करणाऱ्या बॅक्टेरियांच्या अंगावरच्या प्रथिनांना साखर चिकटलेली असते, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. अकाउंट्सवाल्यांना मी म्हटलं, "जंतू आपल्या प्रथिनांना साखरेचा पाक लावतात, तो दिसावा म्हणून रंग आणायचाय." सही झाली. उपमा चुकीची होती. पाक वरून लावतात. इथे साखर प्रथिनाच्या ठरावीक अमिनो आम्लालाच रासायनिक बंधाने जोडलेली असते, धुऊन निघत नाही. पण त्या बिलावर एवढं कोण वाचतंय.

मी शिकत होते तेव्हा आम्हाला ठासून सांगितलं जायचं की प्रथिनांना साखर जोडणं हे केंद्रक असलेल्या पेशींचं काम, बॅक्टेरियांना ते येत नाही. परीक्षेत यावर गुणही मिळायचे. वास्तविक १९७६ सालीच मेशर आणि स्ट्रोमिंजर यांनी हॅलोबॅक्टेरियमच्या आवरणातल्या प्रथिनावर साखर दाखवली होती. ऐरोली पुलावरून जाताना मुलुंडकडे जी मिठागरं दिसतात, तसल्या खारट पाण्यात राहणारा हा जीव. नावात बॅक्टेरियम असलं तरी कुळ आर्कियाचं, म्हणजे बॅक्टेरियांहून वेगळ्या एकपेशीय जीवांचं, त्यामुळे त्याचं कौतुक आमच्या पुस्तकापर्यंत आलं नाही. मग १९९९ मध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जुलाब करणाऱ्या जंतूत पुष्कळ प्रथिनांना साखर जोडणारी अख्खी यंत्रणा असल्याचं समोर आलं, आणि २००२ मध्ये झुरिकच्या मार्कुस आबी यांच्या गटाने ती यंत्रणा उचलून ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बॅक्टेरियात बसवली. तिथेही ती चालली. म्हणजे मी एम.एस्सी. होऊन नोकरीला लागेपर्यंत माझं पाठ केलेलं उत्तर खोटं ठरलेलं होतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात होता, पण ज्याने साखर "दिसते" असं काही आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, आमच्या कॉलेजात यायला अजून दोन प्राचार्य निवृत्त व्हावे लागतील. म्हणून हे किट.

तर पार्सल. माल डीलरकडून नव्हे, कंपनीच्या गोदामातून थेट आला. शनिवारी दुपारी दोनला. ऑफिस एकला बंद झालेलं. वॉचमनने सही करून खोकं केबिनमध्ये, टेबल फॅनच्या मागे ठेवलं, आणि सोमवारी सकाळी माझ्या हातात दिलं: "मॅडम, आत पाण्याचा आवाज येतोय." आइस पॅकचं कोमट पाणी झालं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात २ ते ८ अंश लिहिलेलं.

आतलं सामान सांगते. शिफ रिएजंट, म्हणजे रंग देणारं द्रावण, त्याची तपकिरी बाटली. पिरियॉडिक आम्लाची भुकटी, मोजून पाकिटात. मेटाबायसल्फाइटची भुकटी, तीही पाकिटात. कंट्रोलच्या, म्हणजे पडताळणीच्या, दोन छोट्या कुप्या: एकीत हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, हे साखर असलेलं प्रथिन, ४४ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपासचं, दुसरीत सोयाबीनचं ट्रिप्सिन इन्हिबिटर, २० किलोडाल्टनच्या आसपासचं, साखर नसलेलं. पहिल्याचा बँड गुलाबी यायला हवा, दुसऱ्याचा येता कामा नये. आणि एक माहितीपत्रक, औषधाच्या डब्यात येतं तसं घडी घातलेलं, अक्षर इतकं बारीक की आमच्या लॅब असिस्टंट मामांनी ते स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली धरून वाचलं. थट्टा नाही, खरंच.

भुकट्या वेगवेगळ्या पाकिटांत दिल्यात हे मला फार आवडलं. विरघळवून ठेवलेल्या पिरियॉडिक आम्लाचा, म्हणजे पिरियॉडेटचा, काय भरवसा. पाकीट फोडा, पाणी घाला, वापरा. पहिल्यांदाच जेल रंगवणाऱ्या पोरांच्या हातून तराजूवर जो गोंधळ होतो तो वाचतो.

शिफची बाटली मात्र फिकट गुलाबी झाली होती. चांगलं शिफ रिएजंट रंगहीन असतं, फार तर काडीसारखं पिवळसर. फुक्सिन हा मुळात भडक किरमिजी रंग. सल्फर डायऑक्साइडने त्याचा रंग काढून घेतलेला असतो. अल्डिहाइड या जातीचं रसायन भेटलं की रंग परत येतो, हीच त्यातली गंमत, आणि १८६६ साली ह्यूगो शिफ यांनी दाखवल्यापासून ती बदललेली नाही. पण उकाड्यात बाटलीतला सल्फर डायऑक्साइड निसटला, तर अल्डिहाइडशिवायच रंग परत यायला लागतो. आमचं तेच झालं. मी सोमवारी मीटिंगमध्ये अडकले होते आणि कळव्याच्या मुलाला धीर नव्हता. त्याने त्याच बाटलीने पहिली जेल रंगवली. चार वाजता येऊन पाहते तर ट्रेमध्ये गुलाबी बर्फीचा अख्खा थर. मार्कर (वजनं माहीत असलेली प्रथिनं), कंट्रोल, रिकाम्या लेन, सगळं एका रंगात.

"मॅडम, सगळीकडे साखर आहे," तो म्हणाला.

"अरे, रिकाम्या लेनमध्ये पण?"

मग फ्युम हूडखाली फॉर्मॅलिनमध्ये, ज्यात अल्डिहाइड असतंच, शिफचे थेंब टाकून पाहिलं. ही जुनी चाचणी आहे, हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेक्निशियनना विचारा, त्यांना तोंडपाठ असते. ताजं रिएजंट असेल तर झटकन लालसर जांभळं होतं. आमचं रेंगाळत रेंगाळत निळसर जांभळं झालं. म्हणजे बाटली गेली. डीलरला फोन केला. वागळे इस्टेटमधला जुना माणूस, पंधरा वर्षं आम्हाला पेट्री डिशपासून सगळं पुरवतोय. आधी म्हणाला, "मॅडम, थोडा रंग येतोच." मी फॉर्मॅलिनच्या चाचणीचा व्हिडिओ पाठवला. नवव्या दिवशी नवी बाटली आली, पैसे न घेता, आणि या वेळी बाटली स्वतः स्कूटरवरून आणून दिली, थर्मोकोलच्या खोक्यात. याचे पूर्ण गुण देते. ज्या किटमागे असा माणूस उभा नाही ते किट ठाण्यात घेण्यात अर्थ नाही.

नव्या बाटलीने दुसरी जेल. इथे किटने मन जिंकलं. पेरॉक्सिडेजचा बँड असा आला की पोरं ट्रेवरून हलेनात: स्वच्छ किरमिजी, बाकी जेल पाण्यासारखी. सोयाबीनचं प्रथिन गुलाबीत अजिबात नाही, आणि जोडीला चालवलेली दुसरी जेल सगळी प्रथिनं निळी करणाऱ्या कूमासी रंगात टाकली तर तिथे ठळक निळं. कामाची रीत साधी आहे. जेल मिथेनॉलमध्ये पक्की करायची, पातळ अॅसेटिक आम्लाने धुवायची, पिरियॉडेट द्यायचं, पुन्हा धुवायची, शिफ, मग मेटाबायसल्फाइट, पुन्हा धुणं. पिरियॉडेट साखरेतल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनांमधला बंध तोडतं, तिथे अल्डिहाइड उघडे पडतात, शिफ त्यांना पकडतं. पत्रकात दिलेल्या वेळा पातळ जेलसाठीच्या आहेत. आमच्या दीड मिलिमीटरच्या जेलला धुण्याचा वेळ दुप्पट केला तेव्हा मागचा गुलाबी धूर गेला. हे पत्रकात एका ओळीत लिहिता आलं असतं. आणखी एक: जेल पक्की करायला ग्लुटराल्डिहाइड वापरायची सवय असेल तर इथे ती सोडा. तो स्वतःच अल्डिहाइड, शिफला तोच आधी सापडणार.

आता जिथे मी या किटवर खरी चिडले तिथे येते.

आमच्याकडे सुडोमोनास एरुजिनोसाचा स्टँडर्ड स्ट्रेन, म्हणजे ठरावीक वाण, असतो. भाजलेल्या जखमा, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, सिस्टिक फायब्रोसिसची फुफ्फुसं, अशा ठिकाणी हा जंतू छळतो. कॉलेजात सेफ्टी कॅबिनेटमध्ये हाताळायचा आणि उकळून मारूनच जेलपर्यंत आणायचा. आपल्या शेपटीच्या, म्हणजे फ्लॅजेलाच्या प्रथिनाला तो साखर जोडतो. त्याच्या पीएके नावाच्या स्ट्रेनमध्ये फ्लॅजेलिनवर, म्हणजे याच शेपटीच्या प्रथिनावर, दोन ठिकाणी ऱ्हॅम्नोज नावाच्या साखरेमार्फत साखरेच्या साखळ्या बसलेल्या असतात, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने दाखवलेलं आहे. मुलांनी उत्साहाने अख्ख्या पेशींचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून मिळालेला रस, तिसऱ्या जेलवर चालवला. आणि काय बँड आले! एक नाही, शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक, गुलाबी. ऐरोलीच्या मुलीने फोटो काढून घरी आईला पाठवला. आईने अंगठा पाठवला. कळव्याचा म्हणाला, "मॅडम, दहा-बारा ग्लायकोप्रोटीनं सापडली."

मला ती शिडी ओळखीची वाटली. पुस्तकात पाहिलेली. ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे सुडोमोनाससारख्या दुहेरी आवरणाच्या, बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, एलपीएस. ते चरबीवर बांधलेलं साखरेचं झाड. फांदी कुणात दोन पेरांची, कुणात वीस पेरांची, म्हणून जेलवर शिडी. त्यात साखर आहे, म्हणजे पिरियॉडेटला ती दिसणार, शिफला ती दिसणार, आणि प्रथिनाशी तिचा काही संबंध नाही. किटच्या खोक्यावर "ग्लायकोप्रोटीन" लिहिलंय. रसायनाला ते वाचता येत नाही.

मी काही बोलले नाही. मुलांना एवढंच सांगितलं की उद्या तोच लायसेट प्रोटिनेज के घालून ६० अंशांवर एक तास ठेवा आणि पुन्हा चालवा. प्रोटिनेज के प्रथिनं खाऊन टाकतं. बँड प्रथिनाचे असतील तर जातील. हिचकॉक आणि ब्राउन यांनी १९८३ मध्ये एलपीएस पाहण्यासाठी हीच युक्ती वापरली होती, फक्त त्यांना शिडीच हवी होती आणि आम्हाला नको होती. चौथी जेल. शिडी जशीच्या तशी. एक पायरी हललेली नाही. जोडीच्या कूमासी जेलमध्ये मात्र सामसूम, प्रथिनं साफ.

ऐरोलीची मुलगी बराच वेळ दोन्ही ट्रेंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काल माहीत होतं ना?" होतं. पण माझ्या तोंडून ऐकलं असतं तर पेपरात लिहून विसरली असती.

माझी तक्रार ही आहे. त्या बारीक अक्षरांच्या पत्रकात दोन्ही बाजू भरून मजकूर आहे, कंपनीच्या चार इतर उत्पादनांची जाहिरातसुद्धा आहे, पण ग्रॅम निगेटिव्ह नमुन्यात एलपीएस रंगेल हे एक वाक्य नाही. किट बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रक्तातली, अंड्यातली प्रथिनं असणार, तिथे हा प्रश्न येत नाही. पण विकताना "बॅक्टेरियल लायसेट" असं नमुन्यांच्या यादीत छापलंय. मग सांगा की. निदान प्रोटिनेज केचा कंट्रोल चालवा म्हणा. आमच्यासारख्या कॉलेजात ज्या मॅडमना शिडी आठवणार नाही, तिथली मुलं दहा-बारा ग्लायकोप्रोटीनं शोधून पोस्टर स्पर्धेत बक्षीसही घेऊन येतील.

पाचवी, सहावी आणि सातवी जेल फ्लॅजेलाच्या मागे गेली. अल्ट्रासेंट्रिफ्यूज आमच्याकडे नाही, मग जुगाड. रात्रभर वाढवलेलं कल्चर सिरिंजच्या जाड सुईतून पुन्हा पुन्हा ओढून सोडलं, त्या घर्षणाने शेपट्या तुटतात. पेशी सेंट्रिफ्यूज करून खाली बसवल्या, वरच्या पाण्यातून अमोनियम सल्फेटने प्रथिन काढलं. पहिल्या खेपेला काहीच मिळालं नाही, कारण कल्चर शेकरवर न ठेवता तसंच उभं ठेवलं होतं की काय, यावर दोघांचं भांडण. दुसऱ्या खेपेला कूमासीत पन्नास किलोडाल्टनच्या आसपास जाड बँड, आणि शिफमध्ये त्याच उंचीवर एक फिकट गुलाबी पट्टी. खाली शिडीचा थोडा अवशेष होताच. सातव्या जेलमध्ये प्रोटिनेज के घातलेली लेन शेजारी: शिडी राहिली, पन्नासची पट्टी गेली.

गेली म्हणून आनंद झाला, असा प्रयोग पोरांनी पहिल्यांदाच केला असावा.

यावरून म्हणता येतं ते इतकंच की त्या उंचीच्या प्रथिनाला साखर आहे. कुठली, किती, कोणत्या अमिनो आम्लावर, यातलं काहीही हे किट सांगत नाही. आणि काही साखरा त्याला दिसतच नाहीत, हे मला पुन्हा रसायनाचं पुस्तक उघडून मुलांना समजवावं लागलं. शेजारच्या दोन कार्बनांवर मोकळे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असले तरच पिरियॉडेटचं काम होतं. बॅक्टेरियांच्या साखरा आपल्यापेक्षा चक्रम. कॅम्पिलोबॅक्टरची जी सात कड्यांची साखळी आहे तिच्या मुळाशी बॅसिलोसामाइन असतं. त्यात दोन जागी हायड्रॉक्सिलऐवजी नायट्रोजन बसलाय, मधला हायड्रॉक्सिल एकटा पडलाय. पिरियॉडेटला तिथे तोडायला काही नाही. त्याच साखळीला बाजूने फुटलेला ग्लुकोज मात्र आरामात रंगेल. म्हणजे पट्टी फिकट आली तर साखर कमी आहे असंही म्हणायची सोय नाही.

या विचित्र साखरांपायीच तर हा सगळा विषय औषधं शोधणाऱ्यांना गोड लागलाय. कॅम्पिलोबॅक्टरच्या फ्लॅजेलिनवर ८१-१७६ नावाच्या स्ट्रेनमध्ये १९ ठिकाणी स्युडॅमिनिक आम्लाच्या जातीच्या साखरा असतात. त्या काढून घेतल्या तर शेपटीच बांधली जात नाही, जंतू जागच्या जागी. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचंही तेच. ही साखर माणसाच्या शरीरात बनत नाही, तेव्हा ती बनवणाऱ्या एन्झाइमवर घाव घातला तर आपल्या पेशींना धक्का लागू नये, असा हिशोब. गोनोरियाच्या जंतूची चाल तर याहून बेरकी. त्याच्या अंगावरच्या केसांसारख्या धाग्यांचं प्रथिन म्हणजे पिलिन, त्यातल्या ६३व्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, साखर असते, आणि ती जोडणाऱ्या जनुकांपैकी काहींमध्ये एकाच अक्षराची लांब माळ असते. डीएनएची नक्कल करताना ती माळ एखाद्या मण्याने कमीजास्त झाली की जनुक बंद किंवा चालू. त्यामुळे एकाच जंतूच्या पोराबाळांत कुणाच्या अंगावर पूर्ण साखर, कुणाच्या अंगावर अर्धी. आपल्या प्रतिकारशक्तीने ओळख पटवायची तरी कुणाची?

हे बोलणं चालू असताना पुण्याचा विषय निघालाच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ बारे सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते त्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेलं. कळव्याच्या मुलाचा मामा धायरीला राहतो. "मॅडम, त्या लोकांच्या नसांवर हल्ला झाला तो या प्रथिनावरच्या साखरेमुळेच ना?" नाही. तिथे पुन्हा तीच गल्लत, जेलवर झाली तीच. कॅम्पिलोबॅक्टरच्या लिपो-ऑलिगोसॅकराइडची, म्हणजे चरबीवर बांधलेल्या साखरेची ठेवण आपल्या नसांवरच्या गॅंग्लिओसाइडसारखी, म्हणजे तिथल्या साखर-चरबीच्या रेणूंसारखी, असते. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि ती नसांना जाऊन चिकटते. प्रथिनावरची साखर वेगळी, चरबीवरची वेगळी. किटला फरक कळत नाही, तुम्हाला कळला पाहिजे, एवढं बोलून मी चहाला गेले.

चहावर ऐरोलीच्या मुलीने सांगितलं की ती लहान असताना तिला महापालिकेच्या मोहिमेत टायफॉइडची लस टोचली होती. मी उडालेच. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस देणारी मोहीम सुरू केली, जगात कुठल्याही सरकारी यंत्रणेने ही लस अशी मोहिमेत वापरायची ती पहिली वेळ. पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांवर मुलांना ती मिळाली. लसीत आहे काय? टायफॉइडच्या जंतूच्या आवरणातली व्हीआय नावाची साखर, धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला, म्हणजे एका प्रथिनाला, कारखान्यात जोडलेली. नुसती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिची फारशी दखल घेत नाही. प्रथिनाला बांधून दिली की घेतं, आणि लक्षातही ठेवतं. जंतू स्वतःच्या सोयीसाठी साखर आणि प्रथिन जोडतो, आपण त्याच्याविरुद्ध जोडतो. "म्हणजे माझ्या दंडात ग्लायकोप्रोटीन टोचलं होतं?" ती दंड चाचपत म्हणाली. तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रस्तावनेची पहिली ओळ तिथेच ठरली.

किमतीचं बोलू. एका जेलला ९४४ रुपये पडतात. त्यात पहिली वाया गेली ती धरली तर जास्त. मला शंका होती की यातलं निम्मं काम आम्ही कपाटातल्या बाटल्यांवर केलं असतं. म्हणून जुलैत शिफ घरचं केलं. २०० मिलि उकळत्या पाण्यात एक ग्रॅम बेसिक फुक्सिन, ५० अंशांपर्यंत थंड, गाळून २० मिलि एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, आणखी थंड झाल्यावर एक ग्रॅम मेटाबायसल्फाइट, रात्रभर अंधारात. सकाळी दोन ग्रॅम अॅक्टिव्हेटेड चारकोल घालून हलवायचं आणि गाळायचं. मामांनी केलं, कारण माझ्या हातचं फुक्सिन नेहमी माझ्या ओढणीवर जातं. फ्लॅजेलाची तीच तयारी आठव्या जेलवर, किटबाहेरच्या, घरच्या शिफने रंगवली. पेरॉक्सिडेज झकास. फ्लॅजेलिनची फिकट पट्टी मात्र दिसली-न दिसली अशी, मागचा रंग किटपेक्षा मळकट. ठळक गोष्टी दाखवायला घरचं पुरतं. फिकट पट्टीवर बोट ठेवायचं असेल तर किटचा स्वच्छपणा पैसे वसूल करतो. प्रॅक्टिकलला साठ मुलं असतात, त्यांना मी घरचंच देणार.

दुसरा पर्याय लेक्टिनचा, म्हणजे ठरावीक साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांचा. कॉन्कॅनॅव्हॅलिन ए हे मॅनोज आणि ग्लुकोज ओळखणारं प्रथिन. बाजारात अबईच्या शेंगा येतात ना, तिच्या जवळच्या नात्यातल्या जॅकबीनमधून ते काढतात. क्षयाच्या जंतूच्या एपीए नावाच्या प्रथिनावर मॅनोज असतं, ते याने पकडता येतं. सोयाबीनचं लेक्टिन कॅम्पिलोबॅक्टरच्या साखळीला चिकटतं. लेक्टिन साखरेची जात सांगतं, जे किटला जमत नाही. पण त्याला ब्लॉटिंग, म्हणजे जेलमधली प्रथिनं कागदासारख्या पडद्यावर उतरवणं, लागतं, मेम्ब्रेन लागते, आणि बिल किटच्या वर जातं. ज्यांच्याकडे ब्लॉटचं यंत्र चालू अवस्थेत आहे त्यांनी सरळ तिकडे वळावं. आमच्या यंत्राची वायर उंदरांनी खाल्ली आहे. कोटेशन मागवलंय, तीन.

किरकोळ कुरबुरी: निगेटिव्ह कंट्रोलची कुपी चार जेलमध्ये संपली, किट दहा जेलचं. सोयाबीन इन्हिबिटर वेगळं घ्यावं लागलं. शिफच्या बाटलीचं झाकण घट्ट बसत नाही, पॅराफिल्म गुंडाळा. आणि हातमोजे दोन थर घाला. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख ऑगस्टपर्यंत गुलाबी होतं, बँकेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, कुठला शेड आहे?"

पाचपैकी साडेतीन. पत्रकात एलपीएसचं वाक्य घातलं तर चार. खोक्यात अजून तीन जेलचं सामान आहे, शिफ फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बाटलीवर मामांनी पट्टी चिकटवलीय: "फॉर्मॅलिन टेस्ट केल्याशिवाय हात लावू नये." डीलरलाही सांगून ठेवलंय, पुढची ऑर्डर सोमवार ते बुधवारच पाठव, आणि जमलं तर स्कूटरवरूनच.